थांब्याचं तिकीट

रात्रभर रेल्वेत अंग आखडून घेऊन दिपाली सकाळी लातुरात उतरली, आंघोळसुद्धा न करता तिने आईच्या हातात तिकीट ठेवलं, आणि सरजाबाईंनी ते न वाचताच टीव्हीच्या मागे खोचून दिलं.

"बरं झालं आणलंस," त्या म्हणाल्या. "पण माझं तिकीट झालंय. नांदेडच्या ईश्वरप्पानं काढून दिलंय. शेखाच्या विमानाचं."

दिपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या कुणी शेखाच्या विमानाचं नाव घेतलं असतं तर तिने दोन आकडे तोंडावर फेकून विषय मिटवला असता. पण ही तिची आई होती, आणि दिपालीने आणलेलं तिकीट फुकटचं होतं.

दिपाली मुंबईत 'नीलपंख' नावाच्या विमान कंपनीत होती. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला विमान न्यायचं, हे ठरवणाऱ्या खात्यात. मुंबई ते ग्लासगो ही थेट सेवा म्हणजे तिचं बाळ. दोन वर्षं साहेब लोकांच्या मागे लागून तिने ती सुरू करवली होती, आणि आता ते विमान रोज अर्धं रिकामं उडत होतं. माणसं नव्हती असं नाही. माणसं शेखांच्या विमानांनी जात होती. त्या विमानांमागे अख्ख्या देशाचा खजिना उभा. तोटा झाला तरी तिथल्या राजाची झोप उडत नाही. हैदराबाद, कोची, अहमदाबाद, सापडेल तिथून आपली माणसं उचलायची, स्वतःच्या वाळवंटातल्या अवाढव्य विमानतळावर नेऊन उतरवायची आणि तिथून दुसऱ्या विमानात कोंबून जगात कुठंही पोचवायची. इकडे देशी कंपनीला मात्र एकेक मार्ग स्वतःच्या पायावर उभा करावा लागतो, नाही झाला तर बंद. त्या लोकांना आणखी विमानं आणू देऊ नका, असा अर्ज कंपनीने सरकारकडे केला होता. तो अर्ज दिपालीनेच लिहिला होता. पाच वेळा लिहिला होता.

आणि आता तिची धाकटी बहीण लुंबिनी, ग्लासगोच्या इस्पितळात नर्स असलेली, पहिल्या बाळंतपणाला टेकली होती. रजा नाही म्हणून ती माहेरी येऊ शकत नव्हती, तेव्हा माहेरानेच तिच्याकडे जायचं ठरलं. सरजाबाई पहिल्यांदाच परदेशी निघाल्या होत्या, आणि मराठीशिवाय दुसरी भाषा त्यांना येत नव्हती. त्यांच्यासाठी थेट विमानाइतकी सोयीची गोष्ट जगात दुसरी नव्हती. मुंबईला मुलगी बसवून देणार, ग्लासगोला जावई दारात उभा. दिपालीचे वरिष्ठ हरिओम सर तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते, "निदान तुझ्या आईला तरी बसव." ती हसली होती आणि हो म्हणाली होती.

"आई, मधे विमान बदलावं लागेल. एवढ्या मोठ्या विमानतळावर तू हरवशील."

"हरवायला मी काय ल्हान हाय?"

"आणि फुकट मिळतंय ते सोडून हे कशासाठी?"

"हैदराबाद जवळ पडतंय. दोन बॅगा नेता येत्यात. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, सगळं मावतंय." आणि वर, "हदगावची केवळाबाई गेली व्हती त्याच विमानानं. तिला पांघरायला दिलं म्हणं त्यांनी."

"आम्ही पण देतो पांघरायला," दिपाली म्हणाली आणि स्वतःचाच तिला राग आला. विमान कंपन्यांचं एवढं मोठं युद्ध आपण एका पांघरुणावर आणून ठेवलं.

आंघोळ करून ती म्हणाली, "चल नांदेडला. रद्द करून टाकू." सरजाबाई लगेच चप्पल घालून तयार झाल्या. ही बाई वाद न घालता तयार झाली, तेव्हाच दिपालीने ओळखायला हवं होतं. पण ती रागात होती, आणि रागात असली की तिला समोरचं दिसत नसे.

नांदेडला ईश्वरप्पाचं दुकान वजिराबादेत होतं. माणूस मूळचा देगलूरकडचा, तोंडाने गोड, आणि अर्ध्या जिल्ह्याची पोरं त्याने आखातात पाठवलेली. दिपालीचा भाऊ आदर्श यालाही त्यानेच पाठवलं होतं, लातुरात सगळे 'दुबईला' म्हणतात तिथं. ते शहर दुबई नव्हतं. पण आखातातल्या कुठल्याही गावाला लातुरात दुबईच म्हणतात आणि दिपालीने ते सुधारण्याचा नाद कधीच सोडला होता. ईश्वरप्पाच्या टेबलावर शेखाच्या कंपनीचं खेळण्यातलं विमान होतं, भिंतीवर त्याच कंपनीचं कॅलेंडर.

"ताई, रागावू नका," तो म्हणाला. "तुमचं विमान चांगलंच हाय. पण ते मुंबईहून उडतंय. हिमायतनगरचा माणूस मुंबईला जाईस्तोवर हे लोक त्याला हैदराबादेतून उचलून पार तिकडं टाकून येतात."

"त्यांच्यामागे सरकारी खजिना आहे, ईश्वरप्पा. आमच्यामागे कोण आहे?"

"ते खरं हाय. पण गिऱ्हाईक खजिना कुठं बघतंय?"

"बघायला पाहिजे. उद्या आमच्या कंपन्या बंद पडल्या, की हेच लोक मनाला येईल तो भाव लावतील. तेव्हा तुमचं गिऱ्हाईक कुठं जाईल?"

"तेव्हाचं तेव्हा, ताई. आज माझं दुकान चालून राहिलंय."

दिपालीने हात टेकले. "ते जाऊ द्या. आईचं तिकीट रद्द करा."

ईश्वरप्पाने सरजाबाईंकडे पाहिलं. त्या कॅलेंडरवरचं विमान बघत होत्या. त्याने संगणकावर तिकीट काढलं आणि मान खाजवत विचारलं, "मग ती व्हीलचेअर बी रद्द करू का?"

"कसली व्हीलचेअर?"

"चाकाची खुर्ची. मावशींनी मुद्दाम टाकायला लावली."

दिपाली आईकडे वळली. ही बाई रोज पहाटे उठून विहारापर्यंत चालत जाते, भाजीला गंजगोलाईत चालत जाते, रिक्षावाल्याशी बोलणंसुद्धा तिला अपमानाचं वाटतं. "तुला काय झालंय पायाला?"

"काय न्हाई झालं."

"मग खुर्ची कशाला? फुकट मिळते म्हणून?"

"ताई, एक गंमत सांगू का," ईश्वरप्पा मधे पडला. "हैदराबादला नको म्हणाल्या. ग्लासगोला बी नको. फक्त मधल्या विमानतळावर पाहिजे. मी म्हणलं मावशी असं कुणी मागत न्हाई, पण ऐकंनातच."

सरजाबाईंनी पदर नीट केला.

"आदर्श तिथं खुर्च्या ढकलून राहिलाय," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसांच्या. एका विमानातून दुसऱ्या विमानात."

भाऊ दिपालीला 'पॅसेंजर सर्व्हिसेस'मध्ये आहे म्हणाला होता. तिनेही कधी खोदून विचारलं नव्हतं, कारण चार वर्षांत त्यांचं बोलणं मोजकंच झालं होतं. केरबा, त्यांचे वडील, वीज मंडळातून लाईनमन म्हणून निवृत्त झाले आणि दोन वर्षांतच गेले. आदर्श आला नाही. त्याने ठेकेदार बदलला होता आणि नव्या ठेकेदाराने पासपोर्ट ठेवून घेतला होता. पण जळकोटच्या चुलत्यांना ठेकेदाराचं काय. बापाच्या मातीला आला नाहीस, असं त्यांनी त्याला फोनवरच सुनावलं. त्यानंतर त्याने गावाकडे तोंड केलं नाही. आईला तेवढा फोन करायचा, तोही जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढाच.

"त्याच्या बापाचं शेवटचं सांगायचं राहिलंय त्याला," सरजाबाई म्हणाल्या. "फोनवर काढलं की ठेवून देतो. समोर बसवून सांगावं लागतंय."

"मग मी नेते ना तुला त्याच्याकडे. लुंबिनीचं होऊ दे. व्हिसा काढू, चार दिवस राहू."

"दोनदा म्हणलं येते. खोलीत आठ जण हायेत म्हणतो, जागा न्हाई म्हणतो. मुद्दाम गेलं की तो टाळतोय. वाटेवर पडलं तर त्याला न्हाई म्हणता येत न्हाई."

दिपालीचा आवाज चढला. आईचा राग होता, भावाचा होता, आणि आपल्याच धंद्यातली गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती याचाही होता. "आई, तिथं खुर्च्या ढकलणारी पोरं शेकड्यांनी असतात. कुणाच्या वाट्याला कोण येईल, त्याचा नेम नाही. तू एका विमानातून उतरशील, तो दुसऱ्याच टोकाला असेल. तुला कुणीतरी अनोळखी पोरगा ढकलत नेईल आणि दुसऱ्या विमानात बसवून देईल. झालं."

"त्यानं मुकादमाला सांगून ठेवलंय."

"मुकादमाला?"

"हाव. केरळचा हाय. माणूस चांगला हाय म्हणतो."

ऊसतोडीच्या टोळीला असतो तसा मुकादम शेखाच्या विमानतळावर असतो आणि त्याला सांगितलं की काम होतं, अशी आईची पक्की समजूत होती. दिपालीने कपाळावर हात मारला. तीन वाक्यांत ती आईला खोटी पाडू शकली असती. पण ईश्वरप्पाने माउसवर बोट ठेवून विचारलं, "मग करू का रद्द?" तेव्हा तिच्या तोंडून "राहू द्या" निघालं आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

परतीच्या बसमध्ये अहमदपूर आल्यावर ती आईला म्हणाली, "निदान खुर्चीत नीट बस. चालायला लागलीस तर ते लोक म्हणतील ही बाई ढोंगी आहे."

"मी काय सर्कशीत चाललेय का," सरजाबाई म्हणाल्या आणि पेंगायला लागल्या.

ठरल्या दिवशी दिपालीने आईला हैदराबादला पोचवलं. दोन बॅगा, लाडवांचा डबा, गळ्यात पासपोर्टची पिशवी. कुठल्या दाराला काय दाखवायचं हे तिने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. "आणि हे ऐक. मधे वेळ कमी आहे. भेटला तर भेटला, रमू नको. विमान कुणासाठी थांबत नाही."

"कळतंय मला," सरजाबाई म्हणाल्या. पहाटेचं विमान गेलं आणि दिपाली स्वतःच्या कंपनीच्या विमानाने मुंबईला परतली, कारण त्याच सकाळी ग्लासगोच्या मार्गाचा आढावा होता.

मीटिंग जशी व्हायची तशीच चालली. पडद्यावर आलेख उतरता होता. हरिओम सर शांत माणूस, पण त्यांचं शांत असणंच ऑफिसात सगळ्यांना जाचायचं. ते म्हणाले, "सरकारकडे आपण नुसते आकडे घेऊन जातोय. आकड्यांनी कुणाचं काळीज हलत नाही. मधल्या थांब्यावर एखाद्या प्रवाशाचे हाल झाले, अशी एक खरी गोष्ट पाहिजे."

तेवढ्यात दिपालीचा फोन थरथरला. शेखाच्या कंपनीचा निरोप होता. आपल्या प्रवासी सरजाबाई पुढील विमानात चढल्या नाहीत, त्यांना उद्याच्या विमानात जागा दिली आहे, त्यांच्या राहण्याची सोय आमच्यातर्फे केली आहे.

तिचा चेहरा पाहून सगळे थांबले. तिने जे होतं ते सांगितलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. आई, खुर्ची, विमान सुटलं. आदर्शचं नाव मात्र तिने घेतलं नाही.

हरिओम सरांना आधी खरंच वाईट वाटलं. मग त्यांचे डोळे चमकले. "व्हीलचेअरवरची म्हातारी बाई, भाषा येत नाही, परक्या देशात एकटी टाकून विमान निघून गेलं. दिपाली, हे तुझ्या घरचं आहे म्हणून संकोच करू नको. आजच तक्रार कर. कुठला कर्मचारी होता, कोण जबाबदार, सगळी चौकशी लागली पाहिजे."

दिपाली "एक मिनिट" म्हणून बाहेर आली आणि फोन लावला. आईने पहिल्या रिंगला उचलला. मागे घोषणा चालू होत्या.

"आई, काय झालं?"

"काय न्हाई. आदर्श आला न्हाई. दुसरंच एक नेपाळचं पोरगं आलं खुर्ची घेऊन. आदर्शची पाळी पार तिकडच्या टोकाला लागली म्हणं. दुपारी सुटतोय."

"मी तुला हेच सांगितलं होतं. मग विमानात का नाही बसलीस?"

"ते पोरगं लई म्हणलं, आजी चला, आजी चला. हाताला धरून उठवाया लागलं. मी उठलेच न्हाई."

"विमान गेलं, आई."

"जाऊ दे की. उद्या हाय म्हणत्यात दुसरं."

दिपालीला काचेच्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तिला कळून चुकलं की ही बाई जन्मभर हेच करत आलीय. जळकोटहून माहेरी हिमायतनगरला जाताना नांदेडच्या स्टँडवर गाडी बदलावी लागे, आणि तिथं नोकरीला असलेला तिचा भाऊ चहा घेऊन यायचा. गाडी लागली की तो म्हणायचा, ही जाऊ दे अक्का, पुढच्या गाडीनं जा. मग ती जाऊ द्यायची. कितीतरी लाल गाड्या तिने अशा गप्पांपायी जाऊ दिल्या होत्या आणि लहानगी दिपाली बॅगेवर बसून रडकुंडीला आलेली असायची. आता तिने शेखाचं विमान जाऊ दिलं होतं. अब्जावधीचं विमानतळ, मिनिटामिनिटाचा हिशेब, आणि सरजाबाई खुर्चीत बसून राहिल्या.

"दुपारपर्यंत काय करणार तू तिथं?"

"बसते. गार हाय. अन संडास लई स्वच्छ हायेत गं इथले. तू जेव."

दिपाली आत गेली. हरिओम सरांनी लिहायला पेन उघडलं होतं. चौकशी लागली तर पहिल्यांदा त्या नेपाळच्या पोराला बोलावतील. मग मुकादमाला. मग कुणीतरी विचारील की ही बाई कुणाची वाट पाहत होती.

"तक्रार नाही करायची, सर," ती म्हणाली. "त्यांची चूक नाही. प्रवाशाने स्वतःच चढायला नकार दिला."

"का?"

"तिला तिथं काम होतं."

"विमान बदलायच्या हॉलमध्ये काय काम असतं माणसाला?"

हरिओम सरांनी पेन बंद केलं. ग्लासगोचं विमान रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा करायचं ठरलं, आणि ते ठरवताना ते अजिबात कुजकेपणा न ठेवता म्हणाले, "तुझ्या आईलासुद्धा आपण बसवू शकलो नाही." दिपालीला वाटलं, यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन वर्षं तिने या मार्गासाठी रक्त आटवलं होतं.

संध्याकाळी ती जिन्यात एकटी बसली होती तेव्हा आदर्शचा फोन आला. त्याला काय काय बोलायचं, याची तिने दिवसभर तयारी केली होती.

"ताई."

"बोल."

"आई झोपलीय. हॉटेल दिलंय म्हणलं तर न्हाई म्हणली. हितंच तीन खुर्च्यांवर आडवी झालीय. मी बसलोय पायाशी."

"तू काय काम करतोस, हे मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"तू विमानं कुठं न्यायची ते ठरवतीस. मी खुर्च्या ढकलून राहिलो. काय सांगू?" मग म्हणाला, "बाबांचं सांगितलं तिनं."

"काय सांगितलं?"

"शेवटच्या संध्याकाळी बाबांनी तिला विचारलं म्हणं, आदर्शकडं दिवस मावळला असंल का. ती म्हणली, न्हाई, तिकडं उशिरा मावळतोय. तर म्हणले, मग पोरगं अजून कामावर असंल. फोन लावू नको." त्याचा आवाज फुटला. "मला वाटायचं त्यांनी माझं नावच काढलं नसंल, ताई. मला वाटायचं रागातच गेले."

दिपालीलाही हे ठाऊक नव्हतं. तीही उशिरा पोचली होती, आणि नंतर आईला कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे चुलत्यांना जेवायला वाढण्यात गुंतले होते. ती रडायला लागली. खालून वर येणाऱ्या शिपायाने ते पाहिलं आणि बिचारा आल्या पावली मागे फिरला. पलीकडे आदर्शही रडत होता, आणि दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पासपोर्ट माझ्यापाशीच हाय आता. औंदा बाबांच्या स्मृतिदिनाला, पुण्यानुमोदनाला येतो. चुलते काय म्हणायचं ते म्हणू देत. तुझ्या कंपनीचं विमान हाय का गं हितून? तुझ्याच विमानानं येतो."

नव्हतं. शेखाच्या दारात जाऊन त्याच्याशी स्पर्धा परवडणार नाही, तिथं आपलं विमान नेऊ नये, असा अहवाल कंपनीला दिलेला होता. अहवालाखाली सही दिपालीची होती.

"नाही रे," ती म्हणाली. "आमचं तिकडं येत नाही."

"मग?"

"मग काय," दिपालीने ओढणीने नाक पुसलं. "शेखाचंच काढ. हैदराबादचं काढ. आणि थेट ये, मधे कुठं थांबू नको."